दिला म्हणण्यापुरता आवाज

सांगली, १६ जानेवारी १९४३

सौ. विनोदिनीवहिनींना चारूचा नमस्कार.

भाऊजींच्या कार्डावर शेवटी दोन ओळी तुमच्या हातच्या होत्या. ‘तिथे नक्की काय करतात ते कळव, इथे सगळे विचारतात.’ सगळे विचारतात म्हणून विचारलंत, हे लिहिलंत ते बरं केलंत. नाहीतर तुम्ही आपणहून विचारलंत असं वाटून मी उगाच हुरळून गेले असते. आवाज गेल्यापासून मी पाटीवर लिहून बोलते, आणि पाटीवर धड भांडताही येत नाही. फडकं फिरवलं की संपलं. म्हणून हे पत्र.

इकडची संक्रांत झाली. मामांकडे येणारा-जाणारा माझ्या हातावर तिळगूळ ठेवायचा, ‘गोड बोल’ म्हणायचा आणि मग जीभ चावायचा. शेवटी मामीच माझ्या वतीने सगळ्यांशी गोड बोलल्या.

आता डॉक्टर लीलाबाईंकडचं. पहिल्या दिवशी मामींनी मला नवस फेडायला न्यावं तसं नेलं, उपाशीपोटी, ओल्या केसांनी, बरोबर नारळ. लीलाबाई गावभागात राहतात. पन्नाशीच्या असतील. विलायतेला राहून आल्या आहेत, पण नेसतात नऊवारीच. त्यांनी नारळ हातात घेतला आणि आत हाक मारली, “साळूबाई, आज खोबऱ्याची चटणी कर गं.” मामींचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग त्यांनी मामींना ओसरीवर बसायला सांगितलं. मामी दाराला पाठ लावून फुलवाती वळत बसल्या.

तुम्हाला वाटत असेल, घशाला काहीतरी लावत असतील, चिमटेबिमटे असतील. काही नाही. मिरजेच्या डॉक्टरांनी आरसा घालून घसा पाहिला होता, त्यात खोट नाही हे लीलाबाईंना कळलेलं होतं. खोलीत दोन वेताच्या खुर्च्या आहेत. त्या समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या मांडलेल्या आहेत, म्हणजे बघायचं नसेल तर खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे बघता येतं. लीलाबाई म्हणाल्या, “इथे बोललंच पाहिजे असं नाही. गप्प बसलात तरी वेळ तुमचाच. इथलं काहीही मी कोणाला सांगणार नाही. तुमच्या सासऱ्यांनाही नाही.”

मी पाटीवर लिहिलं, ‘फी तात्याच देतात.’

“देऊ देत की,” म्हणाल्या.

मग आम्ही गप्प बसलो. वहिनी, परक्या माणसासमोर नुसतं बसणं किती कठीण असतं म्हणून सांगू! हाताला काम नाही, निवडायला तांदूळ नाहीत. तेवढ्यात साळूबाईने आत मिरचीची फोडणी टाकली आणि मला ठसका लागला. लीलाबाई पाण्याचं भांडं पुढे करत म्हणाल्या, “खोकल्याला आवाज आहे की तुमच्या.” चोरी पकडल्यासारखं मला झालं. मी काही ढोंग करत नाही हो. सकाळी उठून मी पहिल्यांदा आवाजच काढून बघते. येत नाही.

आवाज कधी गेला, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं: ‘यजमान विषमज्वराने गेले. दोन मुलगे. वासू सात वर्षांचा, मोरू तीन. थोरल्या दीर-जावेला मूल नाही. सासऱ्यांनी ठरवलं, मोरू त्यांना दत्तक द्यायचा. कार्तिकात माजघरात बोलावून विचारलं, तुझं काय म्हणणं? तोंड उघडलं ते उघडंच राहिलं.’

“मग दत्तविधान अडलं कशावर?”

‘वकील म्हणतात, वडील नाहीत तर आईने चारचौघांत तोंडाने दिला म्हटलं पाहिजे. नाहीतर उद्या भाऊबंद कोर्टात जातील.’

लीलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. “म्हणजे मी ‘दिला’ म्हणण्यापुरता आवाज आणून द्यायचा आहे,” त्या म्हणाल्या. मी पाटी पुसली.

मोरूचा कान दुखत होता तो राहिला का? रात्री तो कोणाजवळ झोपतो? वासूला सांगा, आई बरी आहे.

चारू


सांगली, ४ फेब्रुवारी

वहिनी,

लीलाबाईंच्या नावे तात्यांचं पाकीट आलं. त्यात काय होतं ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल, म्हणून मी सांगते. वकिलांनी एक वाक्य करून दिलं आहे. ‘मी माझा औरस पुत्र चिरंजीव मोरेश्वर हा माझे थोरले दीर विष्णुपंत यांस स्वसंतोषाने, कोणाच्याही दडपणावाचून, दत्तक दिला.’ खाली तात्यांच्या अक्षरात: ‘या वाक्याची सूनबाईंस नित्य संथा द्यावी. प्रथम मनात, मग ओठांत, मग मोठ्याने.’

तात्यांवर मी रागावले नाही. त्यांच्या पाठशाळेत तोतरी मुलंसुद्धा संथा घेऊन घेऊन घडाघडा म्हणायला लागलेली मी पाहिली आहेत. बोलण्याचा उपचार म्हटल्यावर त्यांना तेच सुचणार. लीलाबाईंनी ते मला वाचून दाखवलं आणि इतक्या सरळ तोंडाने विचारलं, “‘कोणाच्याही दडपणावाचून’ हे कोणी घालायला लावलं असेल?” मला हसू फुटलं. मोठ्याने. ओसरीवर मामींचं वळणं थांबलं. मीच घाबरले आणि तोंडावर पदर घेतला. परत हसून बघितलं तर नुसता वारा आला.

लीलाबाईंनी विचारलं, हे वाक्य परत पाठवू का? मी मान हलवून नको म्हटलं. परत पाठवलं तर तात्या उपचार थांबवतील आणि मला घेऊन जातील. सांगलीत मला करमत नाही, पण साताऱ्याला घरी जायचं म्हटलं की ट्रंकेला हात लावावासा वाटत नाही. म्हणजे इथेही नको नि तिथेही नको. तुम्ही म्हणाल, चारूचं हे नेहमीचंच.

आता तुमच्या प्रश्नाचं पुढचं उत्तर. एक दिवस त्यांनी मला कागद आणि रंगीत खडू दिले. काय वाटेल ते काढा, म्हणाल्या. मला काय येतं? मी ठिपके काढले. ठिपके काढून झाले आणि हात थांबला. तुम्हाला माहीत आहे का थांबला ते. हे गेल्यापासून दारातली रांगोळी तुमच्याकडे गेली. कोणी मोठ्याने सांगितलं नाही, एके सकाळी डबा फडताळात वर ठेवलेला होता एवढंच.

“जोडा ना ठिपके.”

‘मला चालत नाही,’ मी लिहिलं.

“कागदाला चालतं,” त्या म्हणाल्या.

मग मी जोडले, वहिनी. एकही ठिपका सुटा ठेवला नाही. तांबडा आणि पिवळा खडू संपवला. घरी आल्यावर माझे लाल-पिवळे हात बघून मामींनी मला दोन वेळा अंघोळ घातली आणि मामांना यातलं काही सांगितलं नाही. मामी तशा बऱ्या आहेत.

दुसऱ्या खेपेला मी आपलं घर काढलं. झोपाळा, तुळस, तात्यांच्या खडावा, सगळं जागच्या जागी. लीलाबाईंनी माझ्या खोलीच्या दारावर बोट ठेवलं. “कडी बाहेरून आहे?” मी लिहिलं, ‘घाईत चुकलं.’ त्यांनी बोट उचलून घेतलं. मीच घरी येईपर्यंत त्या कडीचा विचार करत राहिले.

एक मात्र खरं सांगते. तिथून आलं की बरं वाटत नाही. डोकं जड होतं, आमटीत मीठ पडत नाही, आणि भलत्याच वेळी रडू येतं. लीलाबाई म्हणाल्या, सुरुवातीला असंच व्हायचं, घाबरू नका, आणि फार जड झालं तर मला सांगा, आपण सावकाश जाऊ. औषध कडू असेल तर निदान गुळाचा खडा देतात. इथे तेही नाही. साळूबाई काल दारात मला गाठून म्हणाली, “आवं बाई, ह्यो कसला दवाखाना? सुई न्हाई, औशीद न्हाई, नुस्तं बसायचं! माज्या सासूला हितं आणली आसती तर लय बरं झालं आसतं. तिला बसायचीच आवड हाय.”

मोरूच्या कानाचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. कोणाजवळ झोपतो तेही नाही.

चारू


सांगली, २१ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र नाही. सध्या टपालाचा भरवसा नाही असं मामा म्हणतात, तारा तुटतात, थैल्या जळतात. मी तेच खरं धरून चालले आहे.

इथे हळद निघाली आहे. गावभर तिचाच वास. मामांनी मला हरिपूरला त्यांची पेवं बघायला नेलं. हळद साठवायला जमिनीत विहिरीसारखा खड्डा खणतात, वर तोंड लिंपून टाकतात, तेच पेव. एक जुनं पेव उघडत होते. मी वाकून आत बघायला गेले तर अर्जुना म्हणून मामांचा माणूस आहे, त्याने मला दरडावलंच. “आवं, मागं सरा! येवढे दिस कोंडल्यालं हाय त्ये. जरा वारं खाऊ द्या त्याला, मग बगा.” सगळे बाजूला बसून तंबाखू मळत राहिले. मला ते बसणं ओळखीचं वाटलं. लीलाबाईपण अशाच बसतात.

त्यांनी माझी पाटी काढून घेतली. विचारून घेतली, उगाच नाही. “आज पाटीशिवाय बसू या का? नको वाटलं तर मागा, लगेच देते.” मी मागितली नाही. पाटी नाही म्हटल्यावर हात मांडीवर नुसते पडले आणि मी शेवग्याच्या शेंगा बघत बसले. त्यांनी मोरूबद्दल विचारलं. त्याला झोपवताना काय म्हणता, असं. त्यानंतर काय झालं ते लिहिण्यासारखं नाही. आवाजाचं विचाराल तर अजून तसाच आहे. तात्यांना तसंच सांगा.

साळूबाई हल्ली माझ्याकडे टक लावून बघते. बघू दे.

मोरूला दूध गार लागतं, आणि भात कालवताना तूप आधी घालायचं. नंतर घातलं तर तो ताटावरून उठतो. तुम्हाला ठाऊक आहेच, त्याचा बारशापासूनचा सगळा हट्ट तुम्हीच पुरवला आहे. तरी लिहिलं.

चारू


सांगली, ५ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. मागितलं नव्हतं तेही सगळं लिहिलंत.

मोरू तुमच्याजवळ झोपतो. कान राहिला. नवं नाव लक्ष्मीकांत ठरलं आणि हाक मारली की तो आता वळून बघतो. परवा तो तुम्हाला आई म्हणाला आणि तुम्ही त्याला रागावला नाहीत. शेवटच्या पानावर तुम्ही लिहिलं आहे की भाऊजींना दोन स्थळं सांगून आली, एक वाईचं, एक कराडचं. तात्या नाही म्हणालेले नाहीत. ‘हे दत्तविधान झालं नाही तर वर्षाच्या आत माझ्यावर सवत येईल. मी स्वयंपाकघरात तिच्या हाताखाली राबेन. तू समजून घे.’ तुमचं अक्षर इतकं बिघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

समजून घेतलं. मी वाईट नाही हो. मी खूप समजून घेतलं आणि दिवसभर जेवले नाही.

त्याच टपालाने तात्यांचंही कार्ड आलं. फाल्गुनात मुहूर्त आहे. तोवर वाचा आली नाही तर पुढचा मुहूर्त बघू. तोपर्यंत सूनबाईंनी सांगलीतच राहावं, मुलांना तिकडे पाठवण्याची घाई नको, मुलं इथे रुळली आहेत.

वाचलं तशी मी घाटावर जाऊन बसले. कशी मुकाट कात्रीत सापडले बघा. बोलले तर मोरू जातो. न बोलले तर वासू आणि मोरू दोघेही जातात, एकही शब्द न उच्चारता, आणि मी इथे मामांच्या ओसरीवर फुलवाती वळत म्हातारी होते. माझ्या न बोलण्याने मोरू माझा राहील असं मला इतके दिवस वाटत होतं. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

आता मागच्या पत्रातलं सांगते. मी खोटं लिहिलं होतं. मोरूला झोपवताना मी काय म्हणते असं लीलाबाईंनी विचारलं तेव्हा मी तेच पुटपुटले, ‘मोरू माझा, मोरू माझा,’ आणि आवाज आला. घोगरा, पण माझाच. मी लीलाबाईंना हात जोडून म्हटलं, “कोणाला सांगू नका.” त्या म्हणाल्या, “मी कधीच सांगणार नव्हते.” तेव्हापासून मी त्या खोलीत बोलते आणि बाहेर आले की मुकी होते. मामींसमोर पाटी घेऊन बसते. ठसका लागला तर तोंडात पदर कोंबते. आधी आवाज येत नव्हता तेव्हा मी इतकी थकत नव्हते.

मी त्यांना विचारलं, मी काय करू? त्यांनी सांगितलं नाही. मला त्यांचा इतका राग आला! सगळं आयुष्य मला कोणी ना कोणी सांगत आलं आणि जिथे खरंच विचारलं तिथे बाई म्हणतात, “ते तुम्हीच ठरवायचं. ठरवेपर्यंत मी इथे आहे.” मी दार आपटून बाहेर आले. साळूबाई म्हणाली, “आत्ता कसं! आता वाटतं बया मानूस हाय.”

हे पत्र तुम्ही तात्यांना दाखवाल की नाही ते मला माहीत नाही. दाखवलंत तरी मी तुम्हाला काही म्हणणार नाही. पण मला वाटतं, दाखवणार नाही.

चारू


सांगली, १२ मार्च

वहिनी,

माझ्या आधी मामींचं कार्ड पोचलं असेल. घरात पेढे वाटले असतील. तात्यांनी देवापुढे नंदादीप लावला असेल. तुम्हीही सुटकेचा निःश्वास टाकला असेल, म्हणून हे लगेच लिहिते आहे.

झालं ते असं. लीलाबाईंनी तिसरी खुर्ची आणून समोर रिकामी ठेवली. “मी नाटकवाल्यांच्या गावात राहते,” म्हणाल्या, “इथे खुर्चीत माणूस नसला तरी चालतो. कोणाशी बोलायचं राहिलं आहे ते बसवा.” मी आधी तात्यांना बसवलं. बसवलं आणि स्वतः उठून उभी राहिले, डोक्यावर पदर घेऊन, मान खाली. लीलाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “यांच्याशी आज नको. दुसरं कोण?”

मी तुम्हाला बसवलं.

तुम्ही तुमच्या त्या हिरव्या इरकलीत बसलात आणि नेहमीसारखं माझ्याकडे न बघता नखं बघत राहिलात. मग मला जे आलं ते असं आलं. “वहिनी, तात्यांनी माझ्याकडे मोरू मागितला. भाऊजींनी मागितला. वकिलांनी मागितला. तुम्ही एकदाही मागितला नाहीत. ज्या दिवशी ठरलं त्या दिवसापासून तुम्ही माझ्या हातचं पाणी घेतलंत, पण माझ्याकडे बघितलं नाहीत. तुम्ही माझ्याजवळ येऊन, हात धरून मागितला असतात तर मी तुम्हाला नाही म्हटलं असतं. आपण दोघी रडलो असतो आणि मग पोळ्या लाटायला लागलो असतो. पण ते ‘नाही’ आपलं आपल्यात राहिलं असतं. आता मला ते चारचौघांत म्हणायला लागणार आहे.”

हे सगळं मी ओरडून म्हणत होते हे मला कळलंच नाही. दार उघडलं तेव्हा मामी फुलवातींचा डबा सांडून उभ्या होत्या. साळूबाई मागून, “आवं, कोन वराडलं?” मामींनी मला मिठी मारली आणि रडल्या. शब्द त्यांनी ऐकलेच नव्हते, फक्त आवाज ऐकला. मी सांगू लागले तर त्या “बोल गं, बोल, काहीही बोल” म्हणत राहिल्या. आणि तशाच चपला घालून टपालात कार्ड टाकायला गेल्या.

रविवारी भाऊजी मला न्यायला येतात. मिरजेला गाडी बदलून आम्ही येऊ. मुहूर्त ठरला आहे, भटजी ठरले आहेत, वकील येणार आहेत.

माझ्या शब्दावाचून त्यांचं काही अडत नसतं तर त्यांनी मला एवढ्या लांब पाठवलं नसतं, हे मला घाटावर बसल्यावर कळलं. लीलाबाईंनी हे शिकवलं नाही. उलट मी नाही म्हणायचं ठरवलं असं सांगितलं तेव्हा त्यांनी मला सगळं उलटं विचारलं. तुम्हाला घरातून काढलं तर? काढू देत. कुठे जाल? माहीत नाही. मामांना विचारलंय? विचारायचं आहे, भीती वाटते. सवत आली तर तुमची जाऊ काय म्हणेल? म्हणेल की चारूने आणली.

तुम्ही ते म्हणालच, वहिनी. जन्मभर म्हणाल. मी ऐकून घेईन. पण तुमच्यावर सवत आणायची ती ते आणणार, मी नाही. माझ्या मुलाला तुमच्या संसाराला टेकू म्हणून उभा करता येणार नाही. तो तीन वर्षांचा आहे. तुम्ही त्याच्यावर माया करता, ती मला दिसते, म्हणून तर हे पान मी तीनदा फाडून पुन्हा लिहिलं. तुम्ही वाईट असतात तर केव्हाच सुटले असते.

लीलाबाई बरोबर येणार नाहीत. मी विचारलं होतं. म्हणाल्या, “तिथे खुर्च्या रिकाम्या नसतील. तुम्हाला माणसांशी बोलायचं आहे.”

हे अगोदर तुम्हाला सांगते, कारण सगळ्यांबरोबर तुम्हीही पहिल्यांदाच ऐकावं हे मला बरं वाटत नाही. कोणाला सांगायचं तर सांगा. मुहूर्त मोडला तर मोडू दे. आज ना उद्या मला ते म्हणायचंच आहे.

सगळे बसतील तेव्हा मोरू तुमच्याजवळच असेल, आता त्याला तुमचीच सवय झाली आहे. मी बोलेन तेव्हा तो दचकेल. कार्तिकापासून त्याने माझा आवाज ऐकलेला नाही. आधी तो नुसता बघेल, आणि मग ओळखेल आणि उठेल.

तेव्हा त्याला धरून ठेवू नका, वहिनी. येऊ द्या.

चारू